शाळेच्या हक्काच्या पैशासाठी कोल्हापूर गाठायला लावू नका

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स. न.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि सोलापूरकरांची मुंबईवारी वाचली. सोय झाली खरी, पण शाळेच्या पैशासाठी शासनाविरुद्ध रिट याचिका करावी लागते हे दुखणे कायम आहे.

न्यायालय अर्थसंकल्प मांडत नाही, हे आम्हालाही कळते. अनुदान मिळणे हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलेच आहे. मात्र जिथे कायद्यानेच देणे ठरवले आहे तिथे हा निकाल आड येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(2) प्रमाणे खासगी शाळांनी वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना दिलेल्या 25 टक्के मोफत प्रवेशांची प्रतिपूर्ती, म्हणजे खर्चाची भरपाई, शासनाने करायची आहे, आणि कलम 7 प्रमाणे निधीची जबाबदारीही टळत नाही. ‘पैसे नाहीत’ म्हणून वैधानिक कर्तव्य चुकवता येत नाही, हे रतलाम नगरपालिकेच्या गटारांच्या प्रकरणात 1980 सालीच ठरले. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या प्रवेशांतून सूट देणारा फेब्रुवारी 2024 चा नियमबदलही उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी रद्द केला. प्रतिपूर्ती टाळायची ती वाट बंद झाली, पण देण्याची वाट काही मोकळी झाली नाही.

अडते कुठे, तर आदेशानंतर. न्यायालय शासनाला म्हणते, शाळेच्या निवेदनावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या. सुनावणी होते, सह्या होतात आणि कागदावर उमटते : ‘तरतूद उपलब्ध झाल्यावर रक्कम अदा करण्यात येईल.’ आदेश पाळला गेला, रुपया हलला नाही, आणि अवमान याचिकेलाही धड जागा उरली नाही! म्हणून अशा प्रत्येक निर्णयात लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर पडतो ते), बीम्स या शासनाच्या निधीवाटप प्रणालीवरची शिल्लक आणि शिल्लक नसेल तर कोणत्या अधिवेशनात पुरवणी मागणी ठेवणार, एवढे लिहिणे सक्तीचे करा.

जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळा तर कोर्टापर्यंत पोचतच नाहीत. मुख्याध्यापक शासनाविरुद्ध जाणार कसा? 31 ते 100 पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25 हजार, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, नळदुरुस्ती. अक्कलकोटची कन्नड शाळा असो की शहरातली तेलुगू वा उर्दू, हिशेब हाच. तेही अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मग पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पेमेंट प्रणालीवर दुकानदाराची नोंदणी, मेकर-चेकर (एकाने पेमेंट भरायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे). बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळले नाही की पेमेंट परत. दुरुस्ती करेपर्यंत 31 मार्च उजाडतो आणि शाळेला दिलेली खर्चाची मर्यादा काढून घेतली जाते. वर शेरा येतो, ‘निधी अखर्चित’. पालकांनी याचिका करायची म्हटली तर वकिलाची फीच 25 हजारांच्या वर जाते.

तेव्हा अर्धे अनुदान जूनअखेर आणि उरलेले नोव्हेंबरअखेर द्यावे. दुकानदार-नोंदणी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून मे महिन्यातच करून घ्यावी. नाव न जुळल्याने परत गेलेली रक्कम त्याच शाळेच्या नावावर पुढच्या वर्षी धरावी. एवढ्यासाठी एक शासन निर्णय पुरेल.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य, सोलापूर