गोठवणाऱ्या थंडीत धावताय? पाण्याचंही बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुंबई मॅरेथॉन उरकली की आमच्या रनिंग ग्रुपवर लडाखच्या गप्पा सुरू होतात. पँगाँगच्या गोठलेल्या सरोवरावर २०२३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा २१ किलोमीटरची शर्यत झाली तेव्हापासून तर जास्तच. मग कपड्यांचे थर किती, बुटांना ग्रिप कसली, ग्लोव्हज कुठले यावर रात्र रात्र मेसेज येतात, पेपरच्या पुरवण्यांतही तेच असतं, पण पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट थंडीत कुठे एवढं पाणी लागतं, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं.

लागतं हो, फक्त कळत नाही. थंडीत शरीर हातापायातल्या आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त आत छातीपोटाकडे सरकतं, तिथे ते वाढलं की शरीराची समजूत होते की पाणी भरपूर आहे, मग तहान मंदावते आणि किडनी जास्तीचं म्हणून पाणी लघवीवाटे काढून टाकते. त्यात हवा कोरडी. उणे २० अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावतं, फुप्फुसात पोचेपर्यंत शरीर तीच हवा ३७ अंशापर्यंत गरम करून ४४ ग्रॅमपर्यंत ओली करतं, आणि त्यातलं बरंचसं प्रत्येक श्वासाबरोबर वाफ होऊन जातं. पँगाँग साधारण १४ हजार फुटांवर, तिथे धाप किती लागते ते जाऊन आलेल्यांना विचारा. घामही येतो, जॅकेटच्या आत, दिसत नाही इतकंच. वर अनेक जण उंचीवरचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घेतात, त्यानेही लघवी वाढते, त्यामुळे लघवीचा रंग फिका दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. त्यापेक्षा सरावाच्या दिवशी धावण्याआधी आणि नंतर वजन करा, किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं असं धरा.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. बर्फाच्या सपाट मैदानावर आडोसा नाही, टॉयलेट लांब, अंगावर तीन तीन थर, आणि ते उतरवायचे म्हणजे आधी ग्लोव्हज काढा. माझ्या ओळखीतल्या चांगल्या धावणाऱ्या मुली आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतात. हा काही त्यांचा हट्ट नाही, सोय नाही म्हणून करतात, आणि मग डोकं दुखायला लागलं की ते उंचीमुळे की पाणी कमी पडल्यामुळे हेच समजत नाही. (भरपूर पाणी प्यायल्याने उंचीचा त्रास टळतो असंही नाही, डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं असेल तर थांबा आणि खाली उतरा.)

पाणी गोठतं ही वेगळीच कटकट. पाठीवरच्या हायड्रेशन बॅगची नळी सगळ्यात आधी कडक होते, म्हणून घोट घेतला की फुंकर मारून नळीतलं पाणी परत आत ढकलायचं. बाटली असेल तर कोमट पाणी भरून जॅकेटच्या आत, आणि उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो त्यामुळे तोंड मोकळं राहतं. बर्फ मात्र खाऊ नका, तो वितळवण्यात अंगातली उष्णता जाते. गरम सूप, थुक्पा, तिथला मीठ घातलेला चहा, हे सगळं चालतं.

घटाघटा पिणंही नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये गरजेपेक्षा जास्त प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरून एका तरुण धावपटू बाईचा जीव गेला होता. थोडं थोडं, ठरवून प्या, लांब पल्ला असेल तर मीठ-साखर किंवा ओआरएस घालून.

पुण्या-मुंबईहून ग्रुप घेऊन जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, पैसे भरून घेण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: वाटेत कोमट पाणी कुठे कुठे मिळणार आणि बायकांसाठी आडोशाचं टॉयलेट किती अंतरावर आहे. आणि तुम्हीही पुढच्या हिवाळी पुरवणीत बुटांच्या शेजारी यासाठी एक कॉलम द्या.

आपली,
एक धावणारी वाचक, पुणे