गेटजवळचा बोर्ड

यॉर्क,
9 फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, तरी हे मुद्दाम कागदावर लिहितेय. बाबा, फोनवर मी अभ्यासाचं काही सांगायला लागले की तुम्ही "बरं, बरं, जेवलीस का" एवढंच विचारता आणि फोन आईच्या हातात देता. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

आई, मी बरी आहे. मेतकूट अजून निम्मं शिल्लक आहे, ते मी पुरवून खातेय. आठवड्याला वीस तास हॉटेलच्या किचनमध्ये काम करते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना तेवढंच करता येतं. हात फार फुटले होते, आता रात्री खोबरेल लावून झोपते.

आता अभ्यासाचं. आमच्या वर्गात बरेच जण विचारतात, एच.आर. (मनुष्यबळ व्यवस्थापन) शिकायला तू लंडन सोडून यॉर्कला कशी आलीस? मला प्रवेश इथे मिळाला, एवढंच खरं कारण होतं. पण आल्यावर कळलं की ज्या विषयासाठी मी आले तो ब्रिटनमध्ये याच गावात रुजला. इथे हॅक्सबी रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर राउंट्री कुटुंबाचा कोको आणि चॉकलेटचा कारखाना होता. पुढे 1988 मध्ये तो नेस्लेने घेतला आणि अजून चालू आहे. आपला बंड्या दहा रुपयांचं किटकॅट हट्टाने मागायचा ना, ते पहिल्यांदा 1935 मध्ये या कारखान्यात झालं. परवा मी त्या रस्त्याने चालत गेले. तिथे पोहायचा तलाव आहे, नाट्यगृह आहे. दोन्ही त्या कारखान्याच्या पैशातून आणि कामगारांचा विचार करून झालेली. तलाव 1909 चा. अजून लोक पोहायला जातात.

या राउंट्रींनी 1896 मध्ये मेरी वूड नावाच्या बाईंना कामावर घेतलं. कारखान्यातल्या मुली आणि बायकांची विचारपूस करायची, कोणी आजारी पडलं तर बघायचं, हेच त्यांचं पूर्णवेळ काम. हुद्दा होता वेलफेअर वर्करचा. मग 1913 मध्ये अशी कामं करणारे वेगवेगळ्या कारखान्यांतले लोक याच गावात जमले आणि त्यांनी संघटना काढली. आज ज्या संस्थेची पात्रता मिळवल्याशिवाय इथे एच.आर.मध्ये वर सरकणं अवघड, ती संस्था आपलं मूळ त्या बैठकीत सांगते. म्हणजे बाबा, ज्याला तुम्ही "पर्सनलवाले" म्हणता, त्यांची सुरुवात कामगाराची चौकशी करणाऱ्या बाईपासून झाली. चौकशी म्हणजे "कशी आहेस" ही चौकशी. आपल्याकडे कंपनीत चौकशी लागली म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा येतो. शब्द एकच.

मी फॉर्म भरला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे तू त्या केबिनमध्ये बसणार." त्यानंतर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, सोसायटीचं कर्ज काढलंत, माझ्याबरोबर बँकेत दोन दिवस बसलात. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. प्रत्येक लेक्चरला ते माझ्या शेजारी बसलेलं असतं.

पहिल्या सत्रात हॉथॉर्नचे प्रयोग शिकवले. शिकागोजवळ टेलिफोनचं सामान करणारा मोठा कारखाना होता, तिथे 1924 ते 1932 हे प्रयोग चालले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, विश्रांती दिली तर काय होतं, असं बघत होते. तिथेच नंतर वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न विचारायचे आणि कामगार भलतंच बोलायचे. मग त्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि माणसाला बोलू द्यायला सुरुवात केली. एल्टन मेयो यांनी यातून जे मांडलं ते सगळ्या पुस्तकांत आहे: माणसाकडे लक्ष दिलं, त्याचं ऐकलं, की कामात फरक पडतो. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. ज्या छोट्या खोलीत निवडक मुलींना बसवून रिले (टेलिफोन यंत्रणेतले छोटे स्विच) जोडायला लावले होते, त्यांतल्या दोघींना मध्येच बदललं. त्या फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून. ऐकून घेण्याबद्दल जगभर नाव झालेल्या प्रयोगातून दोघी बोलल्या म्हणून बाहेर. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. मी त्या दोन ओळींवरच निबंध लिहिला.

एकदा सरांनी सगळ्यांना विचारलं, आपापल्या देशात कामगारांसाठी आधी कोण उभं राहिलं? मी नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव सांगितलं. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा बोलावली, संघटना उभी केली, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते सांगते.

गेल्या आठवड्यात वर्गात खोटी खोटी शिस्तभंगाची सुनावणी घेतली. गोदामातला एक कामगार तिसऱ्यांदा उशिरा आला, असं प्रकरण. नायजेरियाचा एक मुलगा कामगार झाला, एक चिनी मुलगी त्याची मॅनेजर, आणि मी एच.आर. इथे यासाठी एकास नावाच्या सरकारी संस्थेची आचारसंहिता आहे. आधी नीट तपास करा. आरोप काय ते लेखी कळवा. त्याला तयारीला वेळ द्या. सुनावणीला तो सहकाऱ्याला किंवा युनियनच्या माणसाला सोबत आणू शकतो, हा तर 1999 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. निर्णय पटला नाही तर अपील.

माझ्या हातात ते पत्र होतं. मी ते त्या मुलाच्या पुढे ठेवलं आणि म्हटलं, "सावकाश वाच. कळलं नाही तर विचार. सोबत कोणाला आणलंयस का?" मग मी गप्प बसले. तो मुलगा नुसता अभिनय करत होता, पण तो खरंच वाचायला लागला. दोनेक मिनिटं झाली असतील. मॅनेजर झालेली मुलगी घड्याळ बघायला लागली. सरांनी नंतर विचारलं, एवढं का थांबलीस? मला लगेच उत्तर देता आलं नाही. डोळे भरून आले होते.

बाबा, मी सातवीत होते. तुम्ही सेकंड शिफ्ट करून आला होतात आणि जेवला नव्हतात. खिशातून चार घड्या केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "तायडे, यात काय लिहिलंय बघ." प्रेस मशीनवरची डाय (साचा) फुटली होती. सेटरने बसवलेली डाय, तुम्ही फक्त पेडल मारत होतात. केबिनमध्ये बोलावून त्यांनी इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर सही घेतली आणि एक प्रत हातात दिली. मी शब्दकोश घेऊन बसले. 'निग्लिजन्स' हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा शोधला. निष्काळजीपणा. मग पुढची ओळ लावली: माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले हे मी कबूल करतो. खाली तुमची मराठीतली सही. मी वर बघितलं तर तुम्ही म्हणालात, "वाच पुढे." पुढे चार दिवस सस्पेंड आणि वर्षाची इन्क्रिमेंट बंद असं होतं. तुम्ही कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्यात आणि एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलात. आई, तू ताट वाढलंस आणि त्या रात्री घरात कोणी काही बोललं नाही.

सरांना मी हे थोडक्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे यासाठी कायदा नव्हता? मला माहीत नव्हतं. म्हणून शोधलं, आणि दोन दिवस झाले, मला नीट झोप नाही.

कायदा होता. 1946 चा. स्वातंत्र्याच्याही आधीचा. तुम्ही लोक ज्याला स्टँडिंग ऑर्डर म्हणता, त्या नोकरीच्या लेखी नियमांचा. आपल्या महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे त्याच स्टँडिंग ऑर्डरच्या सरकारी नमुन्यात, लिहिलं होतं की आरोप लेखी द्यायचा, उत्तर द्यायची संधी द्यायची, आणि चौकशीत कामगाराच्या बाजूने त्याच्याच खात्यातला कामगार किंवा त्याच्या युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकत होता. आणि मूळ कायद्याच्या नवव्या कलमात तर आणखी साधी गोष्ट होती. हे सगळे नियम इंग्रजीत, आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत, कामगार ज्या गेटने आत येतात तिथे किंवा गेटजवळ बोर्डावर ठळक लावायचे.

म्हणजे बाबा, मराठीत. तुमच्या गेटवर. तुम्हाला 240 दिवसांचा हिशोब तोंडपाठ होता, तेवढे भरून माणूस कायम होऊ नये म्हणून कोणाला कधी ब्रेक देतील ते तुम्ही बोटांवर सांगायचात. ते ऐकून ऐकून पाठ झालेलं. सोबत माणूस नेता येतो हे मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि ज्यांचं ते सांगण्याचं काम होतं ते टेबलाच्या पलीकडे पेन उघडून बसले होते. मला त्यांचा राग येतो. त्याहून जास्त वाटतं, त्या केबिनमध्ये एक तरी माणूस असा असायला हवा होता जो म्हणाला असता, "थांबा, यांना आधी वाचून दाखवू."

मला तो माणूस व्हायचंय, बाबा. हो, केबिनमध्ये बसूनच. बाहेरून ओरडून तो कागद थांबत नाही, तो आत टाइप होतो.

मे महिन्यात प्रबंधाचा विषय द्यायचा आहे. मी ठरवलंय की कामगारांना दिलेल्या पत्रांची भाषा यावरच लिहीन. त्यासाठी माझी दोन कामं करा. आई, एलआयसीच्या फाइलमधून तो कागद काढ आणि बंड्याला त्याचा नीट फोटो काढून पाठवायला सांग, घड्यांसकट. आणि बाबा, तुम्ही एकवीस वर्षं त्या गेटने आत गेलात. आठवून सांगा: पंचिंगच्या मशीनजवळ, सिक्युरिटीच्या खिडकीच्या बाजूला, कुठे तरी तो बोर्ड होता का? असला तर मराठीत होता का? आणि तो वाचता येईल इतक्या उंचीवर होता का?

फोनवर नको. लिहून पाठवा.

तुमची,
तायडी