वहिनींना बोटीवर ने

चरई, ठाणे

प्रिय बाळ्या,

तू फोनवर विचारलंस, "आमच्या हिला बोटीवर झेपेल का रे?" मी म्हटलं, सविस्तर लिहितो. फोनवर तुझं अर्धं लक्ष कलमांच्या फवारणीकडे असतं, म्हणून हे पत्र. गोव्याचं, जेवणाचं, रात्रीच्या कार्यक्रमांचं तुला कुणीही सांगेल. मी फक्त आमच्या मुंबई-गोवा क्रूझच्या पहिल्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. वहिनींच्या भीतीचं काय करायचं ते मला त्या दिवशी कळलं.

सुनंदा बोटीला किती भिते हे तू पाहिलं आहेस. तिचं माहेर रेवसच्या जवळचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारीचे दिवस, घराकडे निघालेली माणसं. लाटेचा तडाखा बसला, लोक जीव वाचवायला एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सुनंदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, पण त्या पट्ट्यातल्या मुलांनी ही गोष्ट जेवणाच्या पानावर ऐकलेली असते. तिची आई पुन्हा कधी बोटीत बसली नाही. मुंबईला यायचं तर पेण-पनवेलवरून एसटीने. लग्नानंतर माहेरी जाताना मी गेटवेवरून मांडव्याच्या लाँचचं नाव काढलं की सुनंदा म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येते."

त्यामुळे लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं हातात ठेवली तेव्हा घरात शांतता पसरली. दोन दिवस विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती म्हणाली, "तुम्हाला जायचंय ना? मग जाऊ." बाळ्या, माझ्यासाठी ती केवढी मोठी गोष्ट बोलली हे तुला सांगायला नको.

ठाण्याहून हायवे धरून पुढे फ्रीवेला लागलो. शिवडीला अटल सेतू खाडीत शिरताना दिसतो, तो तिने पहिल्यांदाच नीट पाहिला. बाकी रस्ताभर ती पर्स घट्ट धरून बसली होती. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर विमानतळासारखंच सगळं असतं. आधार कार्ड, बोर्डिंग पास, बॅगांना चिठ्ठ्या. बॅगा तिथेच ताब्यात घेतात आणि त्या थेट केबिनच्या दारात येतात. औषधं मात्र हातातल्या पिशवीत ठेव, कारण बॅग यायला संध्याकाळ होऊ शकते. इस्त्री, किटली नेऊ देत नाहीत. आगीची भीती बोटीवर सगळ्यात मोठी, त्यामुळे हा नियम मला पटला.

आमचं जहाज एम्प्रेस. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं. २११ मीटर लांब, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलहून थोडं लहान, आणि वर अकरा मजले. साधारण ४८,५०० टन असं लिहितात, पण तो टन वजनाचा नव्हे, आतल्या जागेचा हिशेब आहे. हे तुला आवडेल म्हणून सांगतो. आपली कोकण सेवक बोट तुला आठवत असेल. मुसाकाजी बंदरात ती लांब उभी राहायची आणि आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचो. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी काखेत हात घालून वर ओढून घ्यायचा. खाली हिरवं पाणी, आणि तुझे बाबा पडावातून ओरडायचे, "आधी पोरं घ्या, ट्रंक मागून!" इथे धक्क्यावरून सरळ पूल. तरीसुद्धा पुलाच्या शेवटी जहाज आणि धक्का यांच्यामध्ये हातभर फट होती आणि खाली काळं पाणी हलत होतं. सुनंदा तिथे थांबली. मागे रांग होती, पण मी काही बोललो नाही. तिने पाण्याकडे नीट बघून घेतलं, मग माझ्या मनगटाला धरून आत पाऊल टाकलं.

आत झुंबरं, जिने, आरसे, गर्दी, बुफेसमोर रांगा. ते मी सोडून देतो. आमच्या दिवसातली खरी गोष्ट घडली ती कवायतीत.

जहाज सुटण्यापूर्वी सगळ्या प्रवाशांना आपापल्या ठरलेल्या जागी जमावं लागतं. केबिनच्या दारामागे आणि आपल्या कार्डावर त्या जागेचा क्रमांक असतो. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की तिथे जायचं. हा सगळा कायदा माणसं गमावून शिकलेला आहे. टायटॅनिक १९१२ ला बुडालं आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण नियमात चोवीस तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून ती सवलत गेली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत झालीच पाहिजे.

आजूबाजूचे लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, कुणी गप्पा मारत होते. मला त्याचं वाईट वाटलं. सुनंदा मात्र पहिल्या ओळीत उभी होती, मुलाच्या परीक्षेच्या सूचना ऐकाव्यात तशी. कर्मचाऱ्यांमध्ये एक गुहागरकडचा पोरगा होता. तिने मराठीत विचारलं आणि त्याचा चेहरा उजळला. कवायत संपल्यावर त्याने तिला जीव वाचवायचं जाकीट हातात देऊन सगळं दाखवलं. कंबरेचा पट्टा कुठे अडकवायचा, शिटी कुठे आहे, खांद्याजवळचा छोटा दिवा पाण्यात पडल्यावर आपोआप कसा लागतो. मग तिने विचारलं ते मी विसरणार नाही, "सगळे एका बाजूला धावले तर?" त्या पोराला रामदास बोटीचं माहीत होतं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "काकू, म्हणूनच प्रत्येकाची जागा ठरवून दिलीय. कुणी धावायचंच नाही. आणि जेवढी माणसं आहेत त्यापेक्षा जास्त जागा बचावबोटी आणि तराफ्यांत मिळून असते."

केबिनमध्ये आल्यावर तिने कपाटातून जाकीट काढलं आणि स्वतः घालून पाहिलं. पट्टा अडकवला, शिटी ओठांपर्यंत नेली, पुन्हा काढून घडी घातली आणि माझं जाकीट माझ्या अंगावर चढवून पट्टा ओढून बघितला. मग म्हणाली, "चला, जिना बघून येऊ. अशा वेळी लिफ्ट वापरायची नाही म्हणाला तो." आम्ही केबिनपासून आमच्या जमायच्या जागेपर्यंत जिन्याने गेलो आणि आलो. जाताना तिचा हात कठड्यावरून सरकत होता आणि ती प्रत्येक वळण पुटपुटत होती. जमिनीलगत चमकणारी पट्टी असते, धूर झाला तरी वाकून रस्ता दिसावा म्हणून. ती तिनेच मला दाखवली. परतताना तिने माझा हात सोडलेला होता. बाळ्या, इतकी वर्षं मी तिला "काही होत नाही गं" म्हणत आलो. त्या वाक्याने तिला कधी धीर आला नाही. काही झालंच तर काय करायचं, हे कुणीतरी तिला नीट सांगायला हवं होतं.

जहाज सुटताना आम्ही वरच्या डेकवर डाव्या बाजूला उभे राहिलो. ही बाजू लक्षात ठेव. उजवीकडे गेटवे, ताज आणि कुलाबा दिसतात म्हणून सगळी गर्दी तिकडे जाते. डावीकडे आपला मुलूख. टग म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटीने जहाज धक्क्यापासून ओढलं तेव्हा पायाला काही जाणवलंच नाही, फक्त बॅलार्ड इस्टेटच्या इमारती हळूहळू बाजूला सरकू लागल्या. मग जवाहर द्वीपाच्या तेलाच्या जेट्टी, त्यांच्यामागे घारापुरीचे डोंगर, पुढे उरण, करंजा. करंजाच्या पलीकडे धरमतरच्या खाडीचं तोंड आणि तिथे रेवस. सुनंदाने हात करून दाखवलं, "तिथे आमचं घर." आपलं माहेर समुद्रावरून कसं दिसतं ते तिने आयुष्यात प्रथमच पाहिलं. डोळे भरून आले होते. मग तिने काशाच्या खडकाच्या दिशेने हात जोडले. मीही जोडले.

हार्बरबाहेर आल्यावर बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा माणूस, दोरीच्या शिडीने खाली उतरून त्याच्या छोट्या बोटीत गेला. दोन्ही चालत असताना. तो प्रकार बघण्यासारखा आहे, वेळ चुकवू नकोस. अंधार पडल्यावर डावीकडे खांदेरीच्या दीपगृहाचा झोत दिसू लागला. दीपगृह १८६७ चं आणि किल्ला महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला, इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या विरोधात भर समुद्रात लढून उभा केलेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तिथल्या वेताळाला कोळी नवस बोलतात, ते सुनंदाने मला सांगितलं, आणि मग माहेरच्या कितीतरी गोष्टी. जेवणाची वेळ टळत आली तरी आम्ही तिथेच.

आता वहिनींना बोट लागेल का, त्याबद्दल. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घे. तिथे हलणं सगळ्यात कमी. टोकाची आणि उंचावरची केबिन दिसायला छान, पण डोलते जास्त. गोळी डॉक्टरला विचारून त्रास सुरू व्हायच्या आधीच घ्यायची, नंतर फारसा उपयोग होत नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि मळमळलं तर आत पडून न राहता डेकवर येऊन क्षितिजाकडे बघायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, पावसाळ्याच्या तोंडाशी जाऊच नका. फोनची रेंज किनाऱ्यापासून लांब गेल्यावर जाते, तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल भारी येतं. वहिनींच्या गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची केबिन मागून घे. आणि कवायतीला त्यांना पहिल्या ओळीत उभं कर. विचारायचं ते सगळं विचारू दे, लोक हसले तरी हसू देत.

तुझ्या आंब्याचं काम फेब्रुवारीनंतर वाढतं, म्हणजे जानेवारीच बरा. तुम्ही आदल्या दिवशी आमच्याकडे या. ठाण्याहून सकाळी निघालं की आरामात पोचता येतं, मी स्वतः धक्क्यापर्यंत सोडायला येईन. सुनंदा म्हणते आहे की ती वहिनींशी आधी फोनवर तासभर बोलणार, त्यामुळे रविवारी दुपारचा फोन मोकळा ठेव. तारीख नक्की झाली की लगेच कळव, मधल्या केबिन आधी संपतात.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. काजूगराचं विसरू नकोस.

तुझा,
वसंता