आई-बाबा, बायच्या ऑपरेशनची तारीख ठरली

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की मला बोलवत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या तान्ह्या नातीचं, बायचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी, बांबोळीच्या हॉस्पिटलातच. आम्ही सही करून आलो. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण बाबा "जरा मोठी होऊ दे" म्हणाले असते आणि मी ऐकलं असतं.

ओठ एक वेळ थांबला असता, डोळा थांबत नाही हो. तिची जन्मापासूनची चीर ओठापासून नाकाच्या बाजूने गालावरून खालच्या पापणीपर्यंत गेली आहे, त्यामुळे पापणी आखूड राहिली. डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ सुकतं, आणि त्याला जखम झाली तर नजर जाऊ शकते. रात्री उठून उठून मलम घालतोच आहोत, पण नुसत्या मलमावर किती काढणार? डॉक्टर गालाची कातडी सरकवून पापणीला जोड देतील, ओठही तेव्हाच जोडतील. टाके सरळ रेषेत नाही, नागमोडी घालतात. व्रण आकसला तरी पापणी खाली ओढली जाऊ नये म्हणून. ओठाच्या ऑपरेशनआधी वय १० आठवडे, वजन साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १० बघतात. बाय तिन्हींत बसली. चमच्याचमच्याने दूध पिऊन तुमच्या नातीने एवढं वजन केलंय!

लाखभर बाळांत पाचांनाही अशी चीर नसते, हे ऐकून मी घाबरले होते. पण पॉल टेसिए नावाच्या फ्रेंच सर्जननी १९७६ साली अशा चिरांना ० ते १४ क्रमांक दिले आहेत. बायची ४ क्रमांकाची. कुठून निघते, हाडात कुठे उतरते, सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्या आकड्याने मला फार धीर दिला. हे शेवटचं ऑपरेशन नाही, गालाच्या हाडाचं काम ती मोठी झाल्यावर. व्रणही राहील. ते आत्ताच सांगते, म्हणजे पट्टी सुटेल तेव्हा तुम्ही खचणार नाही.

आई, तू ग्रहणाच्या रात्री मला विळीवर बसू दिलंस म्हणून स्वतःला बोल लावतेस, असं वहिनी म्हणाली. ऐक. बाळाचा चेहरा चौथ्या ते आठव्या आठवड्यात जुळतो. वरून आणि दोन्ही बाजूंनी भाग सरकत येतात आणि सांधले जातात. बायचं तिथे सांधायचं राहिलं. ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा महिना होता. चेहरा केव्हाच घडून गेला होता गं. तुझ्याकडून काहीही झालेलं नाही.

ओट्यावरून पडून माझी हनुवटी फुटली होती, तेव्हा टाके घालताना बाबांनी माझं डोकं छातीशी धरलं होतं. बाबा, बुधवारी तुम्ही माझ्याजवळ बसा. बाकी काही करू नका.

आई, रात्री वॉर्डात मात्र मीच राहणार. तू नको. गुडघे घेऊन त्या स्टुलावर बसणं तुला झेपायचं नाही, आणि मला दोघींची काळजी होईल. पर्वरीला तुमच्यासाठी खालची खोली लावली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, उकडे तांदूळ आणलेत, सकाळी पेजेची सोय होईल. बाबांचा पेपरही लावलाय.

शांतादुर्गेला बोललीस ते फेड, पण निर्जळी उपास अजिबात नको, तुझी साखर उतरते. बाबांनी प्रेशरची गोळी चुकवायची नाही. ऑपरेशननंतर बायचा हात टाक्यांना लागू नये म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतील, ते बघून तिच्यासमोर रडायचं नाही. तुझं जुनं सुती लुगडं धुऊन, उन्हात वाळवून आण, तिच्या अंगाखाली घालायला. मंगळवारी दुपारी दादा साखळीला गाडी घेऊन येईल. बसने निघू नका.

तुमची,
धाकटी