बर्फात मुंबईची गाडी नेताना

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन मनाली आणि पुढे सिस्सूपर्यंत जाण्याबद्दल पानभर लेख आला. थर्मल कुठले घ्यावेत, मुलांना टोप्या किती, मंडीच्या अलीकडे जेवायला कुठे थांबावं, सगळं सांगितलंय. गाडीसाठी मात्र एकच वाक्य: ‘निघण्यापूर्वी गाडीची सर्व्हिसिंग करून घ्यावी.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी लष्करात ई.एम.ई.मध्ये, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, वाहन मेकॅनिक होतो. लेहच्या पोस्टिंगमधले हिवाळे शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप यांच्या खाली आडवं पडून काढले. आता भांडुपला पुतण्याचं गॅरेज आहे, तिथे सकाळी जाऊन बसतो. काम पोरं करतात, मी बोलतो. नोव्हेंबर उजाडला की ‘काका, मनालीला चाललोय, गाडी एकदा बघून द्या’ म्हणणारे येऊ लागतात. बघून द्या म्हणजे काय, तर ऑइल, फिल्टर, ब्रेक, हवा. एवढं तर गोव्याला जातानाही करतो आपण.

हवामान खात्याच्या नोंदीत सांताक्रूझचं नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे इथल्या गाडीने शून्य अंश कधी पाहिलेलाच नाही आणि इथल्या मिस्त्रीनेही नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला गाडीच्या टपावर दव गोठल्याचा फोटो दर हिवाळ्यात छापून येतो, तेवढीच आपली ओळख. पूर्वी हे खपून जायचं, कारण मनालीच्या पुढचा रोहतांग घाट हिवाळ्यात बंद असायचा आणि हौशी माणूस मनालीतच अडायचा. ३ ऑक्टोबर २०२० ला त्या घाटाखालून जाणाऱ्या अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. आता नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की तुम्ही थेट लाहौलमध्ये, म्हणजे सिस्सूच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर. दिवसा ऊन असतं, मुलं बर्फात लोळतात, फोटो होतात. रात्री पारा उणे दहाच्याही खाली जाऊ शकतो, आणि तेव्हा माणसं रजईत असतात, गाडी उघड्यावर.

आधी रेडिएटर. मुंबईत कूलंट कमी झालं की कुणीही पाणी ओततो. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली तर ड्रायव्हर पिण्याच्या बाटलीतलं ओततो. इथे ते चालून जातं, कारण इथे कूलंटने फक्त इंजिन तापू द्यायचं नाही आणि गंज धरू द्यायचा नाही. वर गेल्यावर त्याने गोठायचंही नसतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये फुगायला जागा नसते. ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असो की ॲल्युमिनियमचा, तडा जातो. नशीब थोर असेल तर ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या बाहेर पडतात आणि ब्लॉक वाचतो. पण त्या चकत्या त्यासाठी नसतात. ओतकामाची वाळू काढायला ठेवलेली भोकं बुजवायला त्या बसवलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. मुलुंडच्या एका गृहस्थांची गाडी ट्रकवर चढवून परत आणावी लागली होती. जाताना वाटेत कुठेतरी होजपाइप फुटला, तिथल्या मिस्त्रीने तो बदलला आणि वर साधं पाणी भरून दिलं. त्यानेही आपल्याकडच्यासारखंच केलं, झालं. इंजिनाचं बिल सगळ्या सहलीच्या खर्चाच्या वर गेलं.

यात एक गोष्ट लोकांना सांगूनही पटत नाही. कूलंट जितकं दाट तितकं चांगलं, असं नसतं. ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं. म्हणून डबा उघडण्याआधी वाचायचा. ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालायचं नाही, ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर डिस्टिल्ड वॉटर मोजून घालायचंच. आत सध्या काय आहे याची खात्री नसेल तर सगळं काढून नवं भरा. काच धुवायच्या फवाऱ्याची प्लास्टिकची टाकी सगळेच विसरतात. त्यात नळाचं पाणी असेल तर टाकी फुटते, सोबत छोटी मोटरही जाते. त्यात गोठणार नाही असं वॉशरचं पाणी भरा, नाहीतर ती रिकामी करून जा.

बॅटरीचं दुखणं वेगळं आहे. बॅटरी झिजते ती गरमीने. मुंबईचा उन्हाळा, बोनेटखालची भट्टी, पूर्व द्रुतगती महामार्गावरची तासन्‌तासची रांग, यात ती आतून संपत येते. पण इथे कळत नाही, कारण तीस अंशांत इंजिन फिरवायला फारसा जोर लागतच नाही. उणे १८ अंशांत चांगल्या बॅटरीतूनही निम्म्याच्या आसपास ताकद मिळते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला कितीतरी जास्त जोर लागतो. त्यामुळे भांडुपला एका सेल्फमध्ये उठणारी गाडी सिस्सूला नुसती कण्हते, आणि मालक म्हणतो, ‘काल तर चांगली होती!’ तीन-चार वर्षांची बॅटरी असेल तर निघण्याआधी लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर ओझं टाकून केलेली तपासणी, करून घ्या. नुसता व्होल्टमीटर लावून भागत नाही. टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धुऊन, वायर घट्ट करून घ्या. आणखी एक, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्याच्या जवळ आलेलं असतं, ते उणे आठच्या आसपासच गोठू शकतं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला जम्पर केबल लावू नका, ती फुटू शकते. लेहला आम्ही बॅटऱ्या रात्री काढून बुखारी (शेगडी) असलेल्या खोलीत नेऊन ठेवायचो. आजच्या गाडीत बॅटरी काढली की कॉम्प्युटरची अर्धी सेटिंग जातात, म्हणून ते सुचवत नाही.

ऑइलबाबत आमच्याच धंद्यातल्या लोकांना बोलतो. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं आणि आम्ही मंडळी ‘मुंबईच्या गरमीत पातळ पडतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओततो. इंजिनचा आवाज बसतो, गिऱ्हाईक खूश. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो. तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि चावी फिरवल्यावर लवकर वर चढतं. पुस्तकात आहे तेच भरायचं, एवढंच सांगतो.

डिझेलवाल्यांनी मात्र नीट ऐकावं. डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की ते वेगळं होऊ लागतं, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनच्या डिझेल पंपापर्यंत काही पोचतच नाही. जानेवारीत आपल्या बाथरूममधलं खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसाच प्रकार. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे डिझेल फिल्टरमधून किती तापमानापर्यंत वाहिलं पाहिजे याची मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आणि हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आहे. प्रत्यक्षात माल याहून बरा असतो, पण उणे पंधराची हमी कुणी दिलेली नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल काढलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार झालं. माझ्या वेळी असं काही नव्हतं. ट्रकवाले सकाळी टाकीखाली जाळ करायचे, आणि आजही कुठेतरी कुणी तुम्हाला ते शिकवेल. करू नका. टाक्या आता प्लास्टिकच्या असतात. रॉकेल मिसळायचा सल्लाही मिळेल. जुन्या पंपांनी ते सोसलं, आताच्या इंजिनांतल्या जास्त दाबाच्या कॉमन रेल पंपाला डिझेलचाच ओशटपणा वंगण म्हणून लागतो, रॉकेलने तो झिजतो आणि पंपाची किंमत ऐकून थंडीतही घाम फुटतो. उपाय साधा आहे. खालच्या मैदानातून टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. जागा ठेवा आणि वरच्या पंपावर, केलाँगला जाणार असाल तर तांदीला, हिवाळी डिझेल आहे का विचारून तिथलं भरा. नव्या डिझेल गाड्यांत युरियाचं द्रव घालावं लागत असेल तर तेही उणे ११ ला गोठतं. त्याच्या टाकीला हीटर असतो, त्यामुळे सकाळी थोडा वेळ दिवा लागला तरी घाबरू नये.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. लायनरमधला किंवा केबलमधला ओलावा गोठला की सकाळी चाक सुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर, आणि चाकाला दगड लावा. वायपर उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतणारे मी पाहिलेत, काच तडकते. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

सुरू करताना दिवे, ब्लोअर, गाणी सगळं बंद. डिझेल असेल तर डॅशबोर्डवरचा कॉइलचा (इंजिन आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्सचं थिजलेलं ऑइल फिरवायचं ओझं सेल्फवर पडत नाही. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर दम घेऊ द्या. पद्मिनी टॅक्सीचा चोक ओढून मोठी झालेली माझ्या पिढीची माणसं अजून ॲक्सिलरेटर पंप करतात. इंजेक्शनच्या गाडीत त्याचा काही उपयोग नाही, पाय बाजूला ठेवा. गाडी उठली की अर्धा तास उभी ठेवून तापवायचीही गरज नाही. दोन-तीन मिनिटांनी निघा आणि काटा वर येईपर्यंत रेस न करता चालवा. बर्फावर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलवली तर चाक कमी फिरतं. चेन लावायची तर ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांना, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. बाकी चालवण्याचं स्थानिक ड्रायव्हरला विचारा. तो म्हणाला ‘आज नका जाऊ’, तर जाऊ नका.

आणि जे कुठल्याच लेखात नसतं ते: बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलंत, तर आधी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. बर्फ पुन्हा साचत राहतो, तेव्हा परत परत काढा. नळी बुजली की धूर आत येतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. काहींचा जीव थंडीने नव्हे, या वायूने गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. इंजिन सतत नको, थोडा वेळ चालवून बंद करा, आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

मे महिन्यात मुंबईतली सगळी सर्व्हिस सेंटरं मान्सून चेकअपचे फलक लावतात. इतक्या गाड्या आता दर हिवाळ्यात उत्तरेला जातात, तर नोव्हेंबरात असा थंडीचा चेकअप का नाही? कूलंट, बॅटरी, ऑइल, एवढं तपासायला तास-दीड तास लागतो. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी हॉटेलांच्या यादीशेजारी गाडीसाठी एक चौकट द्यावी, ही विनंती. चौकट लिहायला माणूस हवा असेल तर मी सकाळी रिकामाच असतो.

आपला,
एक निवृत्त वाहन मेकॅनिक
भांडुप (पश्चिम), मुंबई

ता. क.: सीएनजीवाल्यांचं राहिलंच. काही नव्या गाड्या सोडल्या तर सीएनजीची गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. शिवाय गॅसचा दाब रेग्युलेटरमध्ये उतरताना तो भयंकर गार होतो, त्याला ऊब कूलंटच्या पाइपाने मिळते. म्हणजे कूलंटचं वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. मुंबईत तुम्ही दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून वर्षभर विसरता, त्या शिळ्या पेट्रोलवर उणे दहात गाडी उठत नाही. निघण्याआधी ते जाळून संपवा, वाटेत ताजं भरा, आणि मनालीच्या पुढे सीएनजी मिळेल असं धरून न चालता गाडी पेट्रोलवरच ठेवा.