आपल्या व्यावसायिक फुटबॉल संघासाठी खडकीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या मैदानावर लहानाचे मोठे झालेले २२ खेळाडू यंदा प्रथमच सुरू होणाऱ्या व्यावसायिक लीगमध्ये आपल्या स्वतंत्र क्लबतर्फे उतरत आहेत, हे एव्हाना आपणा सर्वांच्या कानावर आलेच असेल. प्रवेशशुल्काचा पहिला हप्ता आपण भरला आहे. दुसरा हप्ता महिनाअखेरीस भरावयाचा असून तो चुकल्यास आपली जागा प्रतीक्षायादीतील संघाला देण्यात येईल, असे आयोजकांनी लेखी कळविले आहे. त्यामुळे हे पत्र घाईने लिहावे लागत आहे.

मंडळाचा पूर्वेतिहास आपण जाणताच. तरीही ज्यांच्या जिवावर इथवर आलो त्यांचा उल्लेख न करता पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. दारूगोळा कारखान्यातील पहिली पाळी संपवून, डबाही न उघडता थेट मैदानावर येणाऱ्या आणि पगाराच्या दिवशी न विसरता नवा चेंडू आणणाऱ्या आपल्या पहिल्या प्रशिक्षकांनी दोन पिढ्या घडवल्या. बाजारातील शिंपीकाकांनी जर्सीच्या शिलाईचा एक पैसाही कधी घेतला नाही. उलट उरलेल्या कापडातून लहान मुलांसाठी छोट्या जर्सी शिवून दिल्या. ज्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून लोखंडी गोलपोस्ट उभारून दिले, त्यांनी नाव छापू नये अशी सक्त ताकीद दिल्यामुळे ते येथे देता येत नाही, परंतु ओळखणारे ओळखतीलच. गेल्या पावसाळ्यात त्या गोलपोस्टची जाळी कुजली तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींनी नायलॉनची दोरी आणून, ओट्यावर बसून, चार दुपारींत नवी जाळी विणली. आजही सराव त्याच जाळीवर चालतो.

काही ज्येष्ठांनी प्रेमापोटीच विचारले की, पुण्यात व्यावसायिक फुटबॉल टिकला कुठे? प्रश्न रास्त आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी एकच हंगाम खेळून थांबला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये उपांत्य फेरी गाठली, बालेवाडीच्या गॅलऱ्या गाजवल्या. २०१९ मध्ये तोही गेला. या संघांना ना खेळाडूंची वाण होती, ना प्रेक्षकांची. मात्र सगळा भार एका मालकावर किंवा एका उद्योगसमूहावर असला, की त्याने हात आखडता घेताच संघ उभा राहू शकत नाही, असे आम्हांला वाटते. म्हणूनच कार्यकारिणीने आपला क्लब सभासदांच्या मालकीचा ठेवण्याचे ठरवले आहे. जर्मनीत क्लबमधील मताधिकाराचे बहुमत सभासदांकडेच राहावे असा सर्वसाधारण नियम आहे. आपणही १,००० रुपये भरणाऱ्या प्रत्येक सभासदास एक मत देणार आहोत, आणि कोणी लाख रुपये दिले तरी त्याचे मत एकच राहील.

व्यावसायिक म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. डाव्या बगलेवर खेळणारा आपला बचावपटू रात्री एक वाजेपर्यंत दुचाकीवरून जेवणाची पार्सले पोहोचवतो आणि सकाळी सहाला सरावाला हजर असतो. परवा बुटाची नाडी बांधता बांधता तो पायरीवरच झोपी गेला. एका बुटाचा तळ पुढून उसवलेला, त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. प्रशिक्षकांनी त्याला उठवले नाही. या मुलाला पाच महिने रात्रीची फेरी करावी लागू नये, यासाठी दरमहा १०,००० रुपये मानधन द्यावयाचे आहे. २२ जणांचे मिळून ते ११ लाख रुपये होतात. विमा, फिजिओथेरपिस्ट, सामन्याच्या वेळी उभी राहणारी रुग्णवाहिका आणि मैदानभाडे हा खर्च वेगळा.

एक गोष्ट मनात ठेवून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गेल्या मे महिन्यात याच कामासाठी आम्ही घरोघर पत्रके वाटली, सभेसाठी शंभर खुर्च्या मांडल्या, आणि चौदा जण आले. त्याच पंधरवड्यात युरोपातील क्लबांचा अंतिम सामना मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी रात्री साडेबारा वाजता चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. फुटबॉलवरील आपले प्रेम खरे आहे, याबद्दल शंका नाही. पण त्या शहाऐंशी रिकाम्या खुर्च्या मंडपवाल्याला मोजून परत देताना मन फार खट्टू झाले. त्या प्रेमातला थोडा वाटा, पहाटे साडेपाचला स्वतः फक्की मारून मैदान आखणाऱ्या आपल्याच मुलांना मिळावा, एवढीच विनंती आहे.

देणगी रोख किंवा मंडळाच्या नावे धनादेशाने कार्यालयात सायंकाळी ७ ते ९ (सोमवार बंद) स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय रोख रक्कम कोणाकडेही देऊ नये. सभासदत्वाचा अर्ज तेथेच मिळेल, सोबत ओळखपत्राची प्रत आणावी. बूट (माप ७ ते १०), पाच नंबरचे चेंडू, प्रथमोपचाराचे साहित्य वस्तुरूपानेही चालेल. दुसऱ्या हप्त्यासाठीची रक्कम २५ तारखेपर्यंत पोहोचावी. हिशेब दरमहा फलकावर लावला जाईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी सामन्यांच्या दिवशी पाणी व वाहनव्यवस्थेसाठी नावे नोंदवावीत. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मैदानावर सभा आहे. खुर्च्या याही वेळी शंभरच सांगितल्या आहेत.

कार्यकारिणीच्या वतीने,
आपला नम्र,
सचिव