पम्या, अण्णांबद्दल लिहितोय

प्रिय पम्या,

फोनवर बोललो असतो, पण घरात अण्णा असतात आणि त्यांना हल्ली नको तेवढंच बरोब्बर ऐकू येतं. बाकी आम्ही ठीक, आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर.

परवा मखमलाबादच्या जमिनीची बैठक झाली, आमच्याच घरी. धाकट्या काकांनी सगळ्यांसमोर आईवरून बोलायला सुरुवात केली, तिच्या माहेरावरून, दागिन्यांवरून, वाट्टेल ते. मी अण्णांकडेच बघत होतो. तुला माहितीये ते काय आहेत, पतंगाच्या भांडणात त्या आडदांड पोराच्या बापाची भर पंचवटीत कॉलर धरलेला माणूस! (पतंग तूच कापलास, आजही सांगतो.) तर ते गप्प. हातात स्टीलचा पेला, अंगठ्याचं नख पांढरंफटक, चहावर साय धरली तरी एक घोट नाही. "बरं, बघू" एवढंच बोलले. निघताना प्रत्येक जण म्हणतोय, काय संयम आहे हो अण्णांचा! आणि रात्री साडेअकराला मी उठून बघतो तर अंगणात स्कूटर धुतायत, सकाळीच धुतलेली. दुसऱ्या दिवशी बीपी १७०.

हा संयम आहे का रे? मला नाही वाटत, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

त्यात चिऊची इंग्रजीची परीक्षा. तिच्या वहीत एकाच ओळीत सेल्फ-रिस्ट्रेंट, टेम्परन्स, अ‍ॅबस्टिनन्स, फॉरबेअरन्स, सप्रेशन, सगळे समानार्थी म्हणे. कसले समानार्थी! अ‍ॅबस्टिनन्स म्हणजे ती गोष्ट सोडूनच देणं, माळ घातल्यावर आप्पांनी मटण सोडलं तसं. टेम्परन्स म्हणजे खरं तर बेतानं, पण एकोणिसाव्या शतकात दारूविरोधी चळवळीने तो शब्द असा धरला की त्याचा अर्थ दारूला शिवायचं नाही असाच होऊन बसला, पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ कायद्यानेच बंदी होती. फॉरबेअरन्स तर तुम्हा बँकवाल्यांचाच, वसुलीचा हक्क असून हप्त्यासाठी थांबता तो. तिथे थांबणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. अण्णांचं तसं असतं तर मी निवांत झोपलो असतो. त्यांचं शेवटचं आहे पम्या, सप्रेशन, आतल्या आत दाबणं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात लोकांना किळसवाण्या फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे बऱ्यापैकी कोरे राहिले, पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. ज्यांना आधीच वेगळ्या नजरेने बघा म्हणून सांगितलं त्यांना किळसच कमी वाटली. त्याच विद्यापीठातल्या बालवाडीत वॉल्टर मिशेलने त्याआधी पोरांपुढे खाऊ ठेवून त्यांना थांबायला लावलेलं, तर टिकलेली बरीच पोरं डोळे झाकून, गाणी म्हणून टिकली, खाऊकडे टक लावून नाही. आणि अण्णा तर काकांच्या तोंडाकडे एकटक बघत बसले होते रे, पाऊण तास!

आपल्या गंगापूर धरणाचं बघ, पाटबंधारेवाले काठोकाठ भरायची वाट बघत नाहीत, टप्प्याटप्प्याने विसर्ग सोडत राहतात, तरी २०१९ ला गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडालाच. अण्णांनी तर गेटच बंद करून टाकलंय. आईला विचारलं, ती म्हणते वय झालं, शहाणे झाले. मला नाही पटत. शहाणा झालेला माणूस रात्री झोपतो.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना जॉब बदलल्याबद्दल अभिनंदन सांग, सोन्याची दहावी आहे हे लक्षात आहे.

पण तू या रविवारी ये. जमिनीचं काही काढू नकोस, सरळ रमीचा डाव मांड आणि पत्ते चोर नेहमीसारखे. अण्णा फक्त तुझ्यावर ओरडतात मनापासून, शिव्या घालून. दोन-चार डाव जास्त खेळ. दुपारच्या जेवणाला थांब, आई मांडे करणार म्हणतेय.

तुझा,
बंड्या